बावड्यातली खोली कुणी सोडली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ज्या संस्थेत इतकी वर्षं काढली तिथल्या कुणालाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याच्या तोंडाकडं बघावं लागतं.

आधी माझं चांगलं सांगून टाकते, म्हणजे नंतर ते मध्ये मध्ये घुसायला नको. नव्वदच्या दशकात आम्ही काही जणींनी कोल्हापुरात एक लहानशी संस्था काढली. वर्षानुवर्षं एसटी स्टँडवर, देवळांबाहेर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्या माणसांना भाड्याची खोली मिळवून द्यायची आणि ती टिकवायला मदत करायची, एवढंच काम. खोली मिळणं एक वेळ सोपं, टिकणं अवघड. म्हणून दर आठवड्याला जायचं – स्टोव्ह पेटतोय का, पाणी भरलंय का, शेजारणीशी वाजलंय का, बघून यायचं. मी हे काम बरं करायचे. शिवाजी पेठेतल्या बऱ्या घरची सून, बोलायला फटकळ. घरमालक मला नाही म्हणायला कचरायचे. त्याचा मला माज होता. होताच, उगाच कशाला लपवू?

हौसाबाई कांबळे मला स्टँडवरच भेटली. पन्नाशीची असेल. नवरा गेल्यावर दिरानं घराबाहेर काढलेलं. दिवसभर मार्केटात कांदे-बटाटे निवडायची आणि स्टँडच्या मागच्या भिंतीला झोपायची. किती वर्षं, ते तिलाही धड सांगता यायचं नाही. हमाल तिला मावशी म्हणायचे, तिच्या जागेवर दुसरं कुणी टेकलं तर हाकलायचे. मी खोलीचं काढलं तेव्हा ती लगेच हरखली नाही. म्हणाली, “खोली देतासा, पण मालक इचारणारच की – कुठली, कुनाची. मग वो?”

मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. आणि तिनं सोडलं.

कसबा बावड्यात शिंदेकाकूंच्या घरामागं एक खोली रिकामी होती. पत्र्याची, पण कोरडी, दाराशीच नळ. काकू आडनाव विचारणार हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं – या माझ्या लांबच्या आतेसासू, एकट्या पडल्यात. हौसाबाई शेजारीच उभी होती. बौद्ध घरातल्या त्या बाईला मी उभ्याउभ्या माझ्या सासरची करून टाकलं, आणि तिला विचारलंसुद्धा नाही. गल्लीत आल्यावर ती म्हणाली, खोटं कशाला बोललासा? मी म्हटलं, खोली पाहिजे ना, मग गप्प बसा. तिच्या गाठोड्यात बुद्धाची एक छोटी तसबीर होती, तीही भिंतीवर लावू नका म्हणून बजावलं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? खोलीसाठी असं सगळेच बोलतात. खरं आहे. संस्थेतल्या बायकांना हे कळलं असतं तर त्या हसल्या असत्या. याच्यासाठी मी तुमचा वेळ घेत नाहीये. जरा थांबा – मला तिथवर यायला वेळ लागतो.

हौसाबाई खोलीत रमली. पहिल्या दिवसांत ती एक गंमत करायची – दाराला कुलूप लावायचं, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं आणि उघडायचं. मी विचारलं तर म्हणाली, “उघडतंय का बघतो हाय. माझं हाय न्हवं हे.” दुपारी दार पुढं ओढून पाय पसरून बसायची. अंगावर थोडं मांस आलं. कामावरून येताना उरलीसुरली का होईना, भाजी आणायची आणि स्वतः रांधायची. माझ्या सगळ्या खोल्यांत तिची खोली सगळ्यात स्वच्छ. मला तिचा खरंच लळा लागला होता. हेही खरंच आहे, आणि त्यानं काही बदलत नाही.

आता माझा शहाणपणा. खोलीत गेलेल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट हटकून सांगायचे – सणावाराला शेजारी वाटी गेली पाहिजे. काहीही असो, शेवयाची खीर असो नाहीतर पिठलं. वाटी देणारा माणूस गल्लीला आपला वाटतो, मग त्याला सहजी कुणी उठवत नाही. माझा अनुभवच तसा होता. हौसाबाईला तर मी हे दोन-दोनदा सांगितलं, कारण ती शेजारी जायला बिचकायची.

तिनं माझं ऐकलं. बुद्धपौर्णिमेला खीर केली आणि वाटी झाकून शिंदेकाकूंना नेऊन दिली. काकूंनी विचारलं, आज काय विशेष? तिनं सांगितलं. इतक्या वर्षांनी स्वतःच्या चुलीवर सणाची खीर केलेली बाई, ती आणखी काय सांगणार?

काकूंचा निरोप आला तशी मी दुपारीच गेले. अंगणात शेजारच्या बायका जमलेल्या. खिरीची वाटी कट्ट्यावर, तशीच, हात न लावलेली. हौसाबाई खोलीच्या दारात उभी. काकू मला म्हणाल्या, “तुमच्या आतेसासू न्हवं ह्या?”

मला भीती कशाची वाटली, सांगू? खोली जाईल याची नाही. हौसाबाईचं काय होईल, याचीही नाही. त्या बायकांतल्या एकीचं माहेर आमच्या पेठेत होतं. संध्याकाळपर्यंत पेठेत कळेल की मी हिला आतेसासू म्हटलं, आणि लोक म्हणतील, मग हिचं सासर त्यांच्यातलंच की काय? बस्स. एवढीच भीती. रोज समतेच्या गप्पा मारणारी मी, आणि माझ्या पोटात हे निघालं.

मी म्हटलं, “मलाही यांनी फसवलं हो काकू. माझ्याशीही खोटं बोलल्या.”

माझ्या खोट्याचं गाठोडं मी तिच्या डोक्यावर दिलं – तिच्यादेखत. मला वाटलं ती आता ओरडेल. ती म्हणाली, “व्हय. मीच फसवलं बाईस्नी. लई खोटारडी हाय मी.” काकूंना ते खरं वाटलं. ती कुणाला उद्देशून बोलत होती, ते फक्त मला कळलं.

मग ती कट्ट्यापाशी आली, वाटी उचलली, सगळ्यांसमोर उभ्यानं ती खीर खाल्ली. नळावर वाटी विसळली आणि आत जाऊन सामान बांधायला लागली. मी मदतीला गेले नाही. संध्याकाळी ती स्टँडवर होती.

दुसरी खोली का नाही बघितली? बघता आली असती. पण मग तिला भेटावं लागलं असतं.

संस्थेत विचारलं, काय झालं? मी म्हटलं, स्वतःच निघून गेली. इतकी वर्षं उघड्यावर काढली की चार भिंती सोसवत नाहीत. पुरावा म्हणून ती कुलपाची गोष्ट सांगितली – सारखी बाहेर जायची, परत यायची, आत जीवच लागायचा नाही बघा. तिचा आनंद होता तो. मी त्याचा आजार करून टाकला.

आणि ते पटलं की सगळ्यांना. इतकं पटलं की आमची पद्धतच बदलली. फार वर्षं रस्त्यावर राहिलेल्याला थेट खोली द्यायची नाही, आधी निवाऱ्याच्या हॉलमध्ये सर्वांबरोबर राहून सवय दाखवायची, मग बघू. कित्येक माणसं त्या हॉलला कंटाळून परत गेली. ती गेली की आम्ही म्हणायचो, बघा, सवय. मी शिबिरांत हे व्याख्यानासारखं सांगायचे. पोरीबाळी वहीत लिहून घ्यायच्या. एकदाही माझी जीभ अडखळली नाही.

दोन हजार साल उलटून गेल्यावर उचगावात संस्थेच्या स्वतःच्या खोल्या झाल्या. घरमालक नाही, कुणी आडनाव विचारणारं नाही. एका नव्या कार्यकर्तीनं हौसाबाईचं नाव सुचवलं. गुडघे गेलेत म्हणाली, स्टँडवर आता तिचे हाल होतात. कुणीतरी म्हणालं, खोली सोडून गेलेली तीच ना ही? सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. बैठकीत पंखा फिरत होता, चहा आलेला होता, घाई कुणालाच नव्हती. मला हवा तेवढा वेळ होता.

मी म्हटलं, “हो, तीच.” नाव बाजूला पडलं.

तिला सांगायला कोण जाणार? ओळख माझी, म्हणून मीच गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठायला लागली, मी बसा म्हटलं. नव्या खोल्यांचं तिच्या कानावर आलंच होतं. मी सांगितलं, यंदा तुमचं नाव नाही निघालं.

“का वो?”

मी म्हटलं, “मागं बावड्यातली खोली तुम्ही सोडून गेला होता ना, म्हणून.”

आजूबाजूला आमचं बोलणं ऐकणारं कुणी नव्हतं. खोटं बोलायची काही गरजच नव्हती. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. आवाज न चढवता विचारलं, “मी सोडली व्हय?”

मी म्हटलं, हो.