भावाचं माहेर

माझ्या थोरल्या भावाला गरीब पोरांचे सिनेमे फार आवडायचे, पण त्यात आधी पोट धरून हसायला मिळालं पाहिजे ही त्याची अट. पोरगं उपाशी असू दे, चड्डी फाटकी असू दे, पण खट्याळ हवं. नुसतंच रडगाणं असलं की तो तिथल्या तिथे उखडायचा. "याले पैसा काबर देवाना? हाई ते आपले फुकट भेटस," म्हणायचा.

मला विचाराल तर मला ते सिनेमे बघवायचे नाहीत. मी तापट बाई. पडद्यावर चुलीत लाकूड नाही, आई पदरानं डोळे पुसतेय, पोर शिळी भाकरी पाण्यात बुडवतंय, हे दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आपलंच घर बघायला तिकीट काढून कशाला बसायचं? पण अखाजीच्या दुसऱ्या दिवशी भावाबरोबर सिनेमाला जायचं हे ठरलेलं, त्यात माझं काही चालायचं नाही.

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि त्यांना आणायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणायचं. माझं सासर धुळ्याला देवपुरात, माहेर पारोळ्याकडच्या एका खेड्यात. लग्नानंतर एकही अखाजी अशी गेली नाही की भाऊ दारात उभा नाही. आधी एसटीनं यायचा, मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर, शेवटी स्वतःच्या. आल्या आल्या चपला काढायच्या आत विचारायचा, "अमळनेरले कोणता लागेल शे, पाह्यं का?" आमचे हे गालातल्या गालात हसायचे. मी म्हणायची, "सिनेमासाठी येतोस की बहिणीसाठी?" तो म्हणायचा, "दोन्हीसाठी. पण सिनेमा भांडत नही."

हसायचा किती! एका सिनेमात एका पोराकडे एकच चड्डी होती. ती वाळत घातली की हे पोर पाण्याच्या पिंपात बसून राहायचं, आणि तिथूनच आल्यागेल्याशी मोठ्या शेठच्या थाटात बोलायचं. भाऊ इतका हसला की ठसका लागला, पुढचा माणूस उठून त्याची पाठ चोळायला लागला. मीही हसले. खोटं कशाला बोलू? शहाण्यासुरत्या लोकांना वाटतं, गरिबाची पोरं दिवसभर तोंड पाडून बसतात. नाही हो. आम्हीसुद्धा हसायचो, मरेमरेस्तोवर हसायचो. उपाशीपोटी हसलं की पोटात दुखतं, तेवढाच काय तो फरक.

पण एक होतं. सिनेमात पोरगं आईपासून तुटायची वेळ आली की भाऊ उठायचा. त्याला ते कसं कळायचं कोण जाणे. संगीत बदलायच्या आधीच तो माझ्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर. मग शेंगदाण्याची पुडी घेऊन परत यायचा, पुडी माझ्या हातात द्यायचा आणि कानाशी विचारायचा, "मंग काय व्हयनं?" सुरुवातीला मी खरं सांगायची. आईनं त्याला अमक्याच्या हवाली केलं, पोरगं गाडीमागे धावलं. ते ऐकून तो पुढचा विनोद आला तरी हसायचा नाही. मग मी सरळ थापा मारायला लागले. "काही नाही रे. मावशीकडे गेलाय दोन दिवस, येईल." भाऊ मान डोलवायचा आणि निवांत शेंगदाणे खायचा.

तो का उठतो हे मला माहीत होतं. निदान मला तसं वाटायचं.

आमचे वडील एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या करारावरचे गडी. आमच्याकडे गड्याचं साल अखाजीला संपतं आणि अखाजीलाच नवं सुरू होतं. ज्या दिवशी लेकी माहेरी येतात, त्याच दिवशी गडी मालकाच्या घरी जातात. वडील छातीच्या दुखण्यानं गेले, आणि त्या अखाजीला आईनं भावाला दुसऱ्या गावी गुरं राखायला ठेवलं. तो नऊ-दहा वर्षांचा असेल. मी पाच. त्या दिवशी आईनं कुठून तरी पीठ-गूळ आणून खापरावरचे मांडे केले होते, आमरस केला होता. भाऊ जेवला, आईनं त्याच्या डोक्याला तेल लावलं, आणि मालकाची बैलगाडी आली. बैलांच्या गळ्यात घुंगरं होती.

मी झोक्यावर होते. सकाळपासून गावात गाड्याच गाड्या येत होत्या, आणि प्रत्येक गाडीतून कुणाची ना कुणाची लेक उतरत होती. गाडीत नवे कपडे घालून बसायचं म्हणजे माहेरी जायचं, एवढंच मला कळत होतं. म्हणून मी झोक्यावरून बोंबलले, "मना भाऊ माहेरले गया! मना भाऊ माहेरले गया!"

निंबाखालच्या बाया हसून हसून लोळल्या. पोराला कुठं माहेर असतं का गं, बावळट! त्या दिवसापासून घरात ती गंमतच झाली. मालकाचं घर म्हणजे भावाचं माहेर. तो वर्षाकाठी अखाजीला घरी यायचा आणि साल पुन्हा ठरलं की पुन्हा जायचा, तेव्हा आई डोळे पुसत पुसत म्हणायची, "चालना का माहेरले?" मिसरूड फुटेपर्यंत तो असा जात राहिला. पुढे त्याचं लग्न झालं, स्वतःचं थोडं रान झालं, पोरंबाळं झाली, तरी ती थट्टा चालूच. तोही हसायचा. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा.

पण तिथले दिवस कसे होते, हे त्यानं कधी सांगितलं नाही. आई विचारता विचारता गेली. मी विचारलं की म्हणायचा, "सिनेमा लाव."

मागच्या वर्षी त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. रक्त शुद्ध करायला आठवड्यातून दोनदा धुळ्याला आणायचे त्याला. पाय सुजलेले, तोंडाला चव नाही, पाणीसुद्धा मोजून. डॉक्टरांनी माझ्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार ओढू नका. मला कुणी सांगितलं नाही, पण मला काय कळत नाही? मला एकच लागलं होतं. हा माणूस जायच्या आत त्यानं एकदा तरी तोंड उघडावं. साठ वर्षांचं मनात घेऊन जाऊ नये.

अखाजी जवळ आली. मुराळी येणार नव्हता, हे उघड होतं. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "यंदा मी जाते त्याला आणायला." हे म्हणाले, "अगं, रीत काय, तू करतेस काय!" म्हटलं, रीत गेली खड्ड्यात. मुलाची गाडी घेतली आणि गेले. गावात शिरल्यावर ओट्यावरच्या बायांनी विचारलं, कुणाकडे? म्हटलं, "भावाला न्यायला आलेय. मुराळी मी." एकच हशा पिकला. भाऊ खाटेवर बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून. वहिनी म्हणाली, सकाळपासून असाच बसलाय.

देवपुरात आल्यावर मी त्याला चमचाभर रस दिला. डॉक्टरांना काय करायचंय ते करू दे. दुपारी मुलानं टीव्हीवर सिनेमा लावून दिला. वीटभट्टीवरचं पोरगं. मुकादम कसा चालतो याची नक्कल करून सगळी भट्टी हसवणारं. मातीचा मुकादम करायचं, त्याला मिशा लावायचं आणि त्याच्याकडूनच पगार मागायचं. भाऊ हसला. दम लागत होता तरी हसला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, मी त्या पोराच्या बापाला दुवा दिला.

मग ती वेळ आली. मुकादम पोराला दुसऱ्या भट्टीवर न्यायला आला. मी भावाकडे पाहिलं. त्याला उठता येत नव्हतं. मी घाईघाईनं रिमोट शोधायला लागले.

"ऱ्हाऊ दे," भाऊ म्हणाला.

पडद्यावर पोरगं आईच्या पायाला मिठी मारून रडत होतं. भाऊ बघत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "हाऊ रडस. याले माहीत शे."

"काय माहीत आहे?"

"कोठे ली जाई राह्यनात ते."

आणि मग तो बोलला. अहिराणीतच बोलला, थांबत थांबत. म्हणाला, मला कुणी सांगितलंच नव्हतं. आईनं जेवू घातलं, तेल लावलं आणि चुलीकडे तोंड करून बसली. मी विचारलं, कुठं जायचंय, तर बोलली नाही. गाडीत बसलो. भीती वाटत होती. तेवढ्यात तू झोक्यावरून ओरडलीस, माझा भाऊ माहेरी गेला म्हणून. मला वाटलं, हिला माहीत आहे. हिला आईनं सांगितलं असणार.

मी म्हटलं, "भाऊ, मी पाच वर्षांची होते रे."

"मी बी धाकलाच व्हतू ना," तो म्हणाला.

मग काय, तो गाडीत पुढं ऐटीत बसला. वाटेत समोरून लेकींच्या गाड्या येत होत्या, त्यांना हात करत गेला. त्याही हात करत होत्या. रात्री मालकाच्या घरी सणाचं जेवण होतं, त्यालाही ओट्यावर रस वाढला. तो पोटभर जेवून झोपला. सकाळी मालकीणबाईनं शेणाची पाटी आणून पुढ्यात ठेवली. भाऊ उभाच. ती म्हणाली, उचल. तर हा म्हणाला, "मी पाव्हना शे."

मालकीणबाई वाईट नव्हती, असं भाऊ म्हणाला. ती फक्त हसली. इतकी हसली की तिनं घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं आणि याला पुन्हा म्हणायला लावलं. यानं पुन्हा म्हटलं. मग त्या घरात त्याचं नावच पडलं. पाव्हना, गोठा झाड. पाव्हना, पाणी भर. तो तिथं होता तोवर त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही.

साठ वर्षं मी ती थट्टा केली, लग्नात केली, त्याच्या सुनांसमोर केली, आणि दर वेळी तो सगळ्यांत मोठ्यानं हसला. मी त्याच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवून रडले. तो अवघडून गेला. माझ्या डोक्यावर हात ठेवून टीव्हीकडे बघायला लागला. आमच्या बोलण्यात सिनेमा पुढे निघून गेला होता.

"मंग काय व्हयनं?" त्यानं विचारलं.

मीही पाहिलं नव्हतं. म्हटलं, "आई जाऊन घेऊन आली त्याला."

"खोटं बोलस," तो म्हणाला, आणि हसला.

तो आठवडाभर राहिला. जाताना मी त्याची पाठवणी लेकीसारखी केली. नवं धोतर, टोपी, सांजोऱ्या, आणि डबाभर कुरडया-पापड. कुरडयांत मीठ असतं, त्याला ते विष, हे मला माहीत होतं. पण लेक माहेराहून रिकामी जाते का कधी? गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "पुढल्या अखाजीले मुराळी धाडजो." म्हटलं, "मीच येसू. तयार ऱ्हाय." गल्लीच्या वळणापर्यंत तो काचेतून मागे वळून बघत होता.

पोळ्याच्या आधीच तो गेला. मी पोचले तेव्हा त्याला अंगणात ठेवलं होतं. सगळं झाल्यावर वहिनीनं मला आत नेलं आणि फडताळातून तो डबा काढला. म्हणाली, अक्का, किती सांगितलं, खाऊ नका, मीठ आहे. रोज एकच कुरडई तळायला लावायचे. अर्धी स्वतः खायचे, अर्धी नातवंडांत वाटायचे, आणि जो येईल त्याला सांगायचे, "हाई मना माहेरनं शे."

तळाशी थोड्या उरल्या होत्या. वहिनी डबा मला परत देत होती. मी घेतला नाही. म्हटलं, राहू दे त्याच्या घरी. माहेरचं दिलेलं परत घ्यायचं नसतं.