पोळ्याच्या दिवशी मागितलेली गाडी

पोळा जवळ आला की खानदेशात घरोघरी डाळ-गुळाची जमवाजमव सुरू व्हायची आणि मी औषधांची पिशवी भरून ठेवायचो. मी ढोरांचा सरकारी डॉक्टर. धरणगावच्या बाजूला एका बाजारगावात माझा दवाखाना होता आणि आसपासच्या सगळ्या खेड्यांना मी एकटा. दवाखान्याची वेळ दारावरच्या पाटीवर ठळक रंगवलेली होती. ती पाटी माझ्याखेरीज कोणी वाचली असेल असं वाटत नाही. अडलेली गाय काय घड्याळ बघते?

पोळ्याचं दुखणं मात्र माणसांनीच आणलेलं असायचं. वर्षभर कडब्यावर राबलेल्या बैलाला त्या दिवशी जावयासारखा आग्रह. पुरणपोळी, शिजवलेली ज्वारी, वर गूळ. थोरल्याने घास भरवला की धाकट्यालाही भरवायचा असतो, मग सुना, मग शेजारी. दुपार कलली की बैल फुगायला लागत. दरवर्षी पोळ्याआधी मी गावोगाव ओरडून सांगायचो. पालथ्या घड्यावर पाणी! एवढ्या मायेने जनावर मारणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

सदुसष्ट-अडुसष्टचा पोळा असेल. आधीच्या दोन्ही रात्री मी जागून काढल्या होत्या. एक अडलेल्या म्हशीपाशी, एक झोडपणाऱ्या पावसात वाट चुकून. त्या दिवशी दुपारपासून तीन बैल पाहिले. पाचच्या सुमाराला घरी आलो आणि चिखलाच्या बुटांसकट खाटेवर पडलो. तेवढ्यात दाराशी एक म्हातारे आबा आणि त्यांचे दोन मुलगे येऊन उभे राहिले. मुलगे चांगले बापे होते, आबांपेक्षा हातभर उंच.

"साहेब, मना बैल फुगी गया," आबा म्हणाले. "डावी कूस ढोलगत व्हयी गयी. चाला लवकर."

गाव दीड कोस. काळ्या मातीत सायकल चालत नाही, तीच खांद्यावर घ्यावी लागते. काम तसं दोन मिनिटांचं होतं. कुशीत नळी खुपसायची, हवा सोडायची, बैल उभा. पण ती नळी खुपसायला मीच तिथे हवा होतो, आणि माझे पाय उठेनात. मी टर्पेंटाईन नि तेलाची बाटली त्यांच्या हातात दिली. ती पुरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आबा, दोन रात्री डोळा मिटलेला नाही. आता चालवत नाही मला. गाडी आणा, मग येतो."

धाकटा चमकला. "साहेब, आज पोळा शे. आज बैल कसा जुपाना?"

मला ते माहीत नव्हतं थोडंच! पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, मग घर जळत असलं तरी. म्हणून तर मी गाडी मागितली. सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून अट घातली. आबांनी मुलाला गप्प केलं.

"लई येतस आम्ही गाडी," ते म्हणाले आणि तिघंही गाडी आणायला वळले. आता काही ते येत नाहीत, असं मनाशी म्हणून मी झोपलो.

"उठा साहेब, गाडी उनी."

अंधार पडून बराच वेळ झाला होता. अंगणात खरंच गाडी उभी होती. पुढे कंदील घेतलेले आबा, आणि जुवाखाली बैलांच्या जागी दोघे मुलगे. मांड्यांपर्यंत चिखल, खांदे सोललेले. गाडीत माझ्यासाठी घोंगडी अंथरली होती.

आबांनी माझ्या तोंडाकडे कंदील धरला. "झोप झायी ना साहेब तुमनी?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी पिशवी घेतली आणि गाडीत न बसता पुढे चालू लागलो. ती वाट मी तासाभरात तोडली. पाचला निघालो असतो तरी तेवढाच वेळ लागला असता.

बैल अंगणातच पडला होता. शिंगांचा हिंगूळ अजून ओला दिसत होता. शेजारच्या खुंट्याला त्याचा जोडीदार, वैरणीला तोंड न लावता उभा. मी नळी पिशवीतून काढली आणि तशीच परत ठेवली. घरातल्या अक्का म्हणाल्या, "मीच भरवी जास्तीना घास." कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

निघताना आबांनी मुलांना खूण केली आणि ते दोघे पुन्हा जुवाखाली वाकले. मी हात जोडले, नको म्हणालो, चालत सुटलो. तरी शिवेपर्यंत ते रिकामी गाडी माझ्यामागून ओढत आले. बोलावून आणलेल्या माणसाला परत पोचवायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक.

पुढे मी कोणाकडे गाडी मागितली नाही. हाक आली की उठलो, चालत गेलो, आणि बहुतेकदा उशिराच पोचलो. दुसरा डॉक्टर मिळावा म्हणून अर्ज केले, तो कधी आला नाही. बैल दर पोळ्याला मरत राहिले.

त्या रात्री घरी आलो तेव्हा वाटलं, आता कसली झोप लागते. पण खरं तेच सांगतो. खाटेवर पडलो आणि सकाळपर्यंत ढाराढूर झोपलो.