चादरीवरच्या रोहिताचा पाय

कल्पना करा, तुम्ही हिप्परग्याच्या तलावाकाठी चिखलात पोटावर पडला आहात. समोर रोहित पक्ष्यांचा थवा उभा आहे. त्यातला एखादा कोणत्या पायावर उभा राहतो, एवढंच पाहायचं आहे. अट एकच, आवाज करायचा नाही. सोपं वाटतं? मग तुम्ही आमच्या कल्लप्पाअण्णांना ओळखत नाही.

अण्णा चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे. चौकटीच्या कागदावर चित्र, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं, आणि त्या पुठ्ठ्यांवरून मागावर चादर. आयुष्यभर त्यांनी मोरच काढले, कारण मालक मल्लप्पाशेट मोरच मागायचे. बहात्तरच्या दुष्काळानंतर तलाव भरला, रोहित आले, आणि अण्णा शेटच्या मागे लागले. शेवटी शेट म्हणाले, "काढ तुझं लांब मानेचं पाखरू. एका पायावर उभं पायजे. पाय चुकला, तर जन्मभर मोर."

मी नुकताच विणकामाचा डिप्लोमा घेऊन तिथं लागलो होतो. म्हणालो, "अण्णा, कुठलाही पाय काढा की."

"इंजिनेर, मोराचा पिसारा तोंडाकडं काढतोस काय?"

रविवारी सायकली काढल्या. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यानं अण्णांची कुजबुज दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायची. काठावर ते माझ्या कानात हळूच म्हणाले, "दिसले!" तलाव रिकामा झाला.

उडताना रोहिताचे दोन्ही पाय मागे सरळ असतात. अण्णांनी प्रामाणिकपणे तेच काढलं. शेट म्हणाले, "ही मिटलेली छत्री कुणाची?"

पुढच्या रविवारी राखणदार बिरप्पा आडवा आला. "तुमीच व्हय ते? त्या दिवशी माजी मेंढरंबी बुजली की! पाटी दिसत न्हाय? पाखरास्नी तरास द्यायचा न्हाय हितं."

"मी कुठं बोललो?" अण्णांनी विचारलं. उरलेली बदकंही गेली.

तिसऱ्या खेपेला निघताना अण्णांच्या बायकोनं, जगदेवीवहिनींनी, त्यांच्या तोंडाला टॉवेल बांधला. गाठ मारत मला म्हणाल्या, "लग्नापासून पहिल्यांदा घर शांत हाय बघा. सावकाश या."

बिरप्पानं गाठ ओढून पाहिली आणि आम्हाला सोडलं. आम्ही सरपटत गेलो. एका रोहितानं डावा पाय वर घेतला. अण्णांनी आनंदानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. इतक्यात शेजारच्यानं उजवा घेतला. आणि मग पहिल्यानंही पाय बदलला. टॉवेलमधून हुंदका आला.

"काय झालं ह्यांना?" बिरप्पा मागून म्हणाला.

"पाखरानं पाय बदलला."

"मग? ह्ये उभं ऱ्हाताना पाय बदलत न्हाईत?"

शेवटी अण्णांनी डोळे मिटून उजवा पाय वर काढला. चादर मागावरून उतरली. शेटनं डोळे बारीक केले. "उजवा? नक्की?"

अण्णांची मान खाली गेली. त्यांना पुढचे सगळे मोर दिसत असावेत.

शेटनं वीण तपासायला चादर उलटली. मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल झालेली, आणि रोहिताचा डावा पाय वर! त्यांनी चादर सुलटी केली, पुन्हा उलटली. "दोन्ही काढलास की रे! मोराला जमलं नव्हतं हे." मोरही इतकी वर्षं मागच्या बाजूला तोंड फिरवूनच उभा होता, हे मी सांगितलं नाही.

मोर गेला, रोहित मागावर चढला. तरी अण्णा त्यानंतरही रविवारी आपल्या हातानं टॉवेल बांधून तलावावर जायचे. मी एकदा काठावरच विचारलं, आता कशाला? त्यांनी टॉवेल सोडला. बिरप्पानं कपाळावर हात मारला.

"बदलतात, हे कळलं रे!" अण्णा म्हणाले, आणि सगळा थवा उठला. "पण अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्यांदा कुठला उचलतात?"