कोपरकाकांचे अळणी फुटाणे

कोपरकाका कुणाशी हात मिळवत नसत. समोर मूल दिसलं की ते सरळ त्याचं उजवं कोपर धरत, आतल्या बाजूला अंगठ्याने दाबून बघत आणि मग विचारत, "काय, बरं आहे ना?" हा प्रश्न मुलाला होता की कोपराला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही चंदीगडला बदलून आलो त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी आमच्या सईचं कोपर असं धरलं, तेव्हा मी प्रसादाचा द्रोण हातात घेऊन बघतच राहिले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "घाबरू नका हो, ते सगळ्यांचंच बघतात."

काका मूळचे अमरावतीचे. केंद्र सरकारच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते, बदल्या होत होत चंदीगडला पोचले आणि निवृत्त होऊन तिथेच राहिले, कारण काकू बत्तीस सेक्टरच्या इस्पितळात नर्स होत्या आणि त्यांना पंजाबी शेजारणी सोडवत नव्हत्या. रोज संध्याकाळी काका एका शाळेच्या मैदानावर मुलामुलींना बेसबॉल शिकवायचे, तेही फुकट. मी साताऱ्याला आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे आपला विटीदांडूच ना?" काकांना हे सांगितल्यावर ते मनापासून खूश झाले. "आईंना म्हणा, बरोबर आहे. फक्त यात विटी फेकणाऱ्याचा हात जातो."

आमची सई ती फेकणारी झाली. पिचर म्हणतात तिला. मराठी सगळं समजणारी आणि उत्तर मात्र हिंदीत देणारी आमची ही लेक दहावीत आली तोवर असा काही चेंडू फेकायला लागली की समोर बॅट घेऊन उभी राहणारी मुलं आधी देवाचं नाव घ्यायची. तिला जोर होता आणि जोराची हौसही होती. काका मात्र तिला मोजूनमापून फेकू द्यायचे. त्यांची मोजायची रीत त्यांचीच होती. कोटाच्या डाव्या खिशात ते मूठभर फुटाणे ठेवत. सईने एक चेंडू फेकला की एक फुटाणा तोंडात. खिसा रिकामा झाला की त्या दिवसाची फेक संपली, मग खुद्द पंतप्रधान बघायला आले तरी नाही. "काका, प्लीज, एक चना और!" असं सई गयावया करायची. काका खिसा उलटा करून दाखवायचे. फुटाणे बिनमिठाचे, सोललेले असत. मिठाने तहान लागते आणि तहान लागली की शिकवणाऱ्याचं लक्ष उडतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा स्वतःचा उजवा हात कोपरातून सरळ होत नसे. तो वाकडा हात बघून मुलं आपोआप शहाणी व्हायची. फेकून फेकून काकांचा हात असा झाला, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा मी काकूंपाशी हळहळले, तर त्या हसत सुटल्या. "अवो, स्कूटरवरून पडले होते ते! चौकातल्या फुलांकडे बघत चालले होते." मी काकांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "फेकून गेला असं मी कधी म्हटलं का वहिनी? पोरांनी धरलं तसं. मी फक्त नाही म्हटलं नाही."

त्या हिवाळ्याच्या शेवटी दक्षिणेतल्या एका खाजगी अकादमीची माणसं निवड करायला आली. पिचर हव्या होत्या, त्याही शाळकरी, म्हणजे पुढची बरीच वर्षं त्यांच्याकडे राहतील अशा. राहणं, शिक्षण, पुढे परदेशात सराव, सगळं त्यांचं. फक्त दहावी होताच यायचं आणि ते सांगतील तितकं खेळायचं. सईने झोपेतसुद्धा ग्लोव्ह सोडला नाही. आमचे हे तर तिच्या वरताण. हवाई दलातला माणूस, कुठलंही काम तयारीनिशी करणार. काकांचे फुटाणे ऐनवेळी संपले तर पोरीची संधी जायची, ही काळजी त्यांना लागली. काका कोट खुर्चीवर टाकून मैदान आखायला गेले, तेवढ्यात ह्यांनी बाजारातून आणलेली फुटाण्यांची अख्खी पुडी त्यांच्या खिशात रिती केली. वर मला येऊन सांगितलं, "आता बघ, अंधार पडेपर्यंत संपत नाहीत."

निवड सुरू झाली. काका कोट चढवून उभे राहिले. सईचा एकेक चेंडू सुसाट जात होता, वेग मोजायच्या यंत्राकडे बघून अकादमीचे साहेब माना डोलवत होते आणि काका एकेक फुटाणा चावत होते. एकाएकी त्यांचं तोंड थांबलं. त्यांनी बोटांकडे पाहिलं. बोटं पिवळी झाली होती. बाजारातले फुटाणे हळदमीठ लावलेले होते, हे आमच्या ह्यांच्या तयारीत बसलं नव्हतं. खिशात कुणी भर घातली म्हणजे मोजणीच गेली, हे ओळखून काका तडक चालत गेले आणि त्यांनी सईच्या हातातून चेंडू काढून घेतला.

"अभी तो शुरू हुआ है जी," साहेब म्हणाले. "इतने में क्या पता चलेगा?"

"आपको जो देखना था वो दिख गया," काका म्हणाले. "अब आप ये देखोगे कि टूटती कब है. दो साल बाद आइए, यहीं मिलेगी."

सई सगळ्यांदेखत रडली. "आपने मेरा सब खराब कर दिया!" म्हणाली. काकांनी मान खाली घातली, पण चेंडू दिला नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की मी काकूंशीही बोलले नाही.

संध्याकाळी ते आपणहून घरी आले. ह्यांच्याकडे बघून फक्त "मीठ जास्त होतं" एवढंच म्हणाले. हे कानापर्यंत लाल झाले. मग चहा पुढ्यात ठेवून काका बोलायला लागले. "अमरावतीले होतो तेव्हा शाळांच्या संघाची निवड मीच करत होतो. जो सगळ्यात जोरात फेकेल, त्याले घ्यायचं. विचारच नाही करायचा. असाच एक पोरगा घेतला, तुमच्या सईएवढा. सामन्यावर सामने खेळवला त्याले. पुढं बऱ्याच वर्षांनी एका लग्नात पंगतीले बसलो होतो. तोच जिलबी वाढत होता, डाव्या हातानं. म्हातारे लोक ओरडून राहिले त्याच्यावर, डाव्या हातानं वाढतोस का म्हणून. तो हसत होता. माझ्या पानाशी आला, वाकला, म्हणाला, सर, उजवा वर होत नाही. मले तो घास गेला नाही."

सई दारात उभी होती. तिने विचारलं, "अब वो क्या करते हैं?"

"कापडाचं दुकान आहे. सुखात आहे. माझ्यावर रागही नाही त्याचा, हेच तर जास्त लागतं."

दोन दिवसांनी अकादमीचा फोन आला. आता या, नाहीतर राहू द्या. ह्यांनी फोन सईच्या हातात दिला. ती म्हणाली, "सर, ट्वेल्थ के बाद," आणि पलीकडून फोन ठेवला गेला. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. काका तिची बातमी पेपरात शोधायचे. "ती चमकली तर मी चुकलो," म्हणायचे. "मले चुकायला आवडेल." तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. बरं झालं असावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सईची बारावी झाली आणि आमची पुण्याला बदली झाली. सामानाचा ट्रक गेल्यावर काका-काकू दारात आले. काकूंनी माझी ओटी भरली. काकांनी सईचं कोपर धरलं, अंगठ्याने दाबलं, आणि या वेळी काहीच विचारलं नाही. नुसतं धरून उभे राहिले. शेवटी सईच म्हणाली, चक्क मराठीत, "बरं आहे, काका."

आता ती कॉलेजकडून खेळते. मजेत फेकते, हात शाबूत आहे. रविवारी सोसायटीच्या मागच्या मैदानात लहान मुलींना शिकवायला जाते, असं म्हणते. काय शिकवते ते मी कधी विचारलं नव्हतं. परवा ह्यांनी कपडे धुवायला काढले होते. सईच्या जॅकेटचा डावा खिसा त्यांनी चाचपला आणि हातात आलं ते तोंडात टाकलं. बराच वेळ चावत उभे राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अळणी आहेत गं."