सादळलेली पिशवी

रोह्याच्या एका कंपनीत मी तीस वर्षं प्लास्टिकचे दाणे केले, पिशव्या ज्यांपासून होतात ते. पेणहून कंपनीच्या बसनं जायचो, शिफ्ट संपली की त्याच बसनं झोपत यायचो. दाण्यांत ओलावा किती, ते तपासणं हे माझं काम. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. पण कसलं काय! घरात बसवेना, आणि बाहेर पडलं की गटारात, खाडीच्या बांधावर, जिकडेतिकडे पिशव्याच. त्यातली एखादी आपल्याच दाण्यांची असणार, हे डोक्यातून जाईना. म्हटलं, मरायच्या आधी मातीत कुजणारी पिशवी करून बघू. या वयात ही दुर्बुद्धी कुठून सुचली कोण जाणे.

बायको पापड करते. पेणमध्ये त्यात नवल नाही, घरोघरी करतात. पण तिची एक मिजास आहे आणि ती मला मान्य आहे. लग्नानंतर वर्षभरात तिनं हे काम सुरू केलं, तेव्हापासून तिचा एकही पापड गिऱ्हाइकानं परत आणला नव्हता.

मी तिच्याच स्वयंपाकघरात सुरुवात केली. तांदूळ भिजवून वाटायचे, गाळून निवळू द्यायचे, तळाला बसलेलं सत्त्व घ्यायचं. त्यात पाणी, थोडं व्हिनेगर, थोडं ग्लिसरीन घालून शिजवायचं. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी करपलं. तिनं माझ्या हातातला डाव काढून घेतला. कुरडयांचा चीक समजा, हात थांबवायचा नाय, म्हणाली. तिनं ढवळलं तेव्हा कुठे ते पारदर्शक झालं. मग ताटात पातळ पसरून उन्हात वाळवायचं. ग्लिसरीन कमी पडलं तर तडकायचं, जास्त झालं तर ताट सोडायचं नाही. तीन उन्हाळे यात गेले. कंबर गेली, चार ताटं वाया गेली, आणि शेजारी येताजाता विचारू लागले की यंदा पापड कसले करताय.

शेवटी जमली पिशवी. कडेला पाण्याचं बोट फिरवून दाबली की चिकटायची. एक कुंडीत पुरली, ती काही आठवड्यांत मातीत दिसेनाशी झाली. माझं नाचायचंच बाकी होतं. त्याच भरात बायकोच्या मागे लागलो, एका गिऱ्हाइकाचे तरी पापड यात भर. ती तयार होईना. पावसाळ्यात राहतील ना, एवढंच तिनं विचारलं.

"काय होत नाय गो," मी म्हटलं. शेवटी तिनं एकाचे भरले.

तपासलं होतं का? नाही. उन्हाळ्यात केली, उन्हाळ्यातच पुरून बघितली. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं हे मला माहीत नव्हतं, असंही नाही. ज्याचा जन्म ओलावा मोजण्यात गेला, त्यानं नेमका तोच मोजला नाही. लाज वाटते.

आषाढात पुण्याच्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. जुनं गिऱ्हाईक, परदेशातल्या लेकीसाठी दरवर्षी पापड नेणाऱ्या. त्यांनी माझी पिशवी पुढे केली. ती लिबलिबीत झालेली, पापड सादळून तिला चिकटलेले, वर बुरशीचे ठिपके. तुमच्या हातून असं कसं झालं, त्यांनी बायकोला विचारलं. बोलायला मी तोंड उघडलं.

"माझंच चुकलं," बायको माझ्या आधी म्हणाली. "यंदा पापडांना ऊन कमी लागलं."

तिनं डब्यातले चांगले पापड काढले आणि साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिले. बाई गेल्या. पिशवी माझी, हे मी त्यांना सांगितलंच नाही. त्याची मला आजही चीड येते. खोटं कशाला बोललीस, मी नंतर तिला विचारलं.

"अवो, पिशवीला नाव ठेवलं असतं तर तुम्ही परत असली पिशवी केली असती काय?" ती म्हणाली. "माझ्या पापडाला एकदा नाव ठेवलं तर ठेवलं."

खरं सांगू? मी दमलो होतो. आषाढाच्या कितीतरी आधीच दमलो होतो, सोडून द्यायला निमित्त शोधत होतो. ते निमित्त तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं. आता सोडताही येत नाही. काल पुन्हा तांदूळ भिजत घातले.