एकाच डब्याची तीन नावं

दोन हजार बावीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. चौक गावात जुन्या हायवेवर माझं गॅरेज. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण गाडी मी आवाजावरून ओळखतो. ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती, आजही नाही.

खालापूरकडचा एक भातशेतीवाला माझा दोस्त होता. त्याची पहिली जीप, मग टेंपो, मग भाजीची पिकअप, सगळ्या माझ्याच हाताखालून गेल्या. आमची एक रीत होती. बदललेला जुना पार्ट मी त्याच्या हातात द्यायचो. घासलेली क्लच प्लेट असो की फुटलेलं बेअरिंग, तो उलटसुलट करून बघायचा, मान हलवायचा, आणि मग घासाघीस सुरू करायचा. पार्ट हातात आल्याशिवाय त्याने कधी खिशात हात घातला नाही. मलाही ते बरोबरच वाटायचं.

त्या साली त्याची पिकअप चालता चालता बंद पडायला लागली. मी बघितली आणि सांगितलं, ईसीएम गेला. म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बॉनेटखालचा चपटा डबा. त्याने मधे कर्जतला पण दाखवली होती. तिथे म्हणाले, ईसीयू गेला.

"दोन्ही एकच हाय का रं?" त्याने विचारलं.

"नाय. वेगळं हाय. ईसीएमच गेलाय."

मला ठाऊक नव्हतं. पण आमच्या वेळी नाव वेगळं म्हणजे वस्तू वेगळी. डायनामो वेगळा, अल्टरनेटर वेगळा. आणि कर्जतवाल्याचं बरोबर म्हणायला माझी जीभ वळली नाही.

डबा काढून पुण्याला दुरुस्तीला पाठवला. तिथल्या माणसाने फोन केला.

"काका, ईसीयू झाला तुमचा."

"मी ईसीएम पाठवला."

"एकच ते काका. कोण ईसीयू म्हणतं, कोण ईसीएम. गिअरचं पण तोच बघत असला तर पीसीएम म्हणतात. बीसीएम तेवढा वेगळा, तो दिव्यांचा, काचांचा."

मी फोन ठेवला. डबा आला, बसवला, गाडी एका चावीत चालू झाली. कर्जतपर्यंत जाऊन आलो, कुठे बंद पडली नाही.

दोस्त आला. गाडीभोवती फिरला आणि हात पुढे केला.

"जुना दे."

"जुना नाय. तोच दुरुस्त करून आणला."

"मंग बदललं काय?"

"आत तांदळाच्या कणीएवढं कायतरी असतं. ते बदललं."

"ती कणी दे."

"ती त्यांनी टाकली असंल."

त्याने पुण्याची पावती घेतली, अक्षरं एकेक लावत वाचली. "यावर ईसीयू लिवलंय. तू म्हणालास ईसीएम."

"एकच हाय ते."

"परवा वेगळं होतं, आज एक झालं?"

"नावं तीन हायत, डबा एक. बीसीएम तेवढा वेगळा."

"म्हंजे वेगळा हायच की एक!" तो हसला. पण ते हसणं आमच्यातलं नव्हतं. "माझ्या गाडीत डबे किती, ते तरी तुला म्हाईत हाय का रं?"

तेव्हा म्हणता आलं असतं, परवा मला माहीत नव्हतं. एवढंच. मी पाना पुसत राहिलो. "गाडी चालू हाय ना?" एवढं बोललो.

त्याने पैसे काढले आणि मागितले तेवढे दिले. एक शब्द घासाघीस नाही. मी ते घेतले. पिकअप हायवेला लागली तेव्हा मी तिचा आवाज ऐकला. आवाज चांगला होता. मला दुःख झालं नाही, रागही आला नाही. हाताला भूल दिल्यावर जसं लागतं, पण कळत नाही, तसं काहीतरी. रात्री जेवलो, झोपलो, झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं. कोपऱ्यात दोस्ताच्या शेतावरच्या पंपाचं इंजिन खोलून पडलं होतं. सवडीने करू म्हणून ठेवलेलं. मी चहासुद्धा न घेता ते जोडलं, तेल भरलं, चालू करून बघितलं. मग खालापूरकडे निघालेला दुधाचा टेंपो थांबवून त्यात चढवून दिलं. टेंपोवाल्याने विचारलं, "काय सांगू त्यांना?"

"काय नको," म्हणालो, आणि आत आलो.