म्हातारी, टिल्टरोटर आणि मागची सीट

हेलिकॉप्टर पायलट निवृत्त झाले की किस्से सांगू लागतात, आणि ऐकणारे निवृत्त होत नाहीत तोवर सांगत राहतात. आमच्या लातूरच्या घरात असे किस्से इतके साठलेत की माळ्यावर जुन्या गाद्यांना जागा उरली नसावी.

मंडळी तीनच. आमचे हे, नांदेडचे गायकवाड आणि भोकरचे कदम. तिघांनी सैन्यात एकाच जातीचं हेलिकॉप्टर उडवलं. लाडाने त्याला ‘म्हातारी’ म्हणायचे. दर दिवाळीनंतर जमायचे आणि एकच वाद घालायचे: म्हातारीला काढून टिल्टरोटर आणावं का? गायकवाड म्हणायचे, आणावं. कदम म्हणायचे, न्हाई. आमचे हे अंपायर. निकाल मात्र नेहमी “पुढच्या वर्षी!”

*

टिल्टरोटर म्हणजे काय ते मला कळत नव्हतं. गायकवाडांनी टेबलफॅन ओढला. “वहिनी, पंख्याचं तोंड आभाळाकडे केलं की हेलिकॉप्टर. सरळ वर उठायचं. मग तोंड समोर वळवलं की विमान. सुसाट!”

पंख्याचा स्क्रू ढिला होता. तोंड अर्ध्यावर आलं आणि आपोआप खाली झुकलं. ताटलीतले चुरमुरे कदमांच्या मिशीत.

मिशी झटकत कदम म्हणाले, “हे असं हाय बघा. अर्ध्यातच मान टाकतंय.”

*

गायकवाडांनी बदला लगेच घेतला. “वहिनी, याला नवीन मशीन नको. आणि मोबाइल? दर दसऱ्याला नवा!”

कदमांचं उत्तर तयार होतं. “मोबाइलनं मला बर्फातून घरी न्हाई आणलं. म्हातारीनं आणलं. लई येळा.”

 त्या बर्फात आमचे हेही शेजारच्या सीटवर होते.

*

पायलटांची एक शिस्त असते. मशीन कुणाच्या हातात आहे याबद्दल शंका नको. एकाने म्हणायचं, “यू हॅव कंट्रोल्स.” दुसऱ्याने हात पुढे करून म्हणायचं, “आय हॅव.” मगच पहिल्याने हात सोडायचे.

एकदा तिघे नांदेडहून लातूरला येत होते. कार कदम चालवत होते. चष्म्यावर धूळ बसली म्हणून बोलता बोलता म्हणाले, “यू हॅव कंट्रोल्स.” डाव्या सीटवर पेंगणारे गायकवाड सवयीने म्हणाले, “आय हॅव,” आणि हात पुढे केले.

कदमांनी दोन्ही हातांनी चष्मा काढला. गाडी तुरीत.

शेतकरी धावत आला. “सायेब, गाडी कोण चालवून राहिलं व्हतं?”

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

मागच्या सीटवर आमचे हे. घरी पोचल्यावरही तासभर त्यांना धड बोलता आलं नाही, इतके हसत होते.

*

यंदा मंडळी दोघंच उरली. अंपायरची खुर्ची मी हलवली नव्हती.

आमची लेक रेवा रजेवर आली होती. तीही पायलट, आणि अजून म्हातारीच उडवते. त्यामुळे या वादात मला कधी हसू यायचं, कधी नाही. नवीन मशीनबद्दल तिच्या युनिटमधल्या सगळ्यांचं मत मागवलं होतं. गायकवाडांनी विचारलं, “काय सांगितलंस, बेटा?”

“म्हातारीला सोडा, असं मी सांगितलं.” मग ती कदमांकडे वळली. “काका, मागच्या महिन्यात उंचावर दोन जखमी होते. म्हातारीला एकच पेलला. दुसऱ्याला खाली ठेवून यावं लागलं. मी परत गेले तेव्हा तो जिवंत होता. दर वेळी असेलच असं नाही.”

गायकवाड एवढी वर्षं जिंकायला बसलेले, पण त्यांनी कदमांपुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

कदमांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एकदा रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“यू हॅव कंट्रोल्स,” ते म्हणाले.

रेवा सरळ बसली. तिने हात पुढे केले.

“आय हॅव, काका.”

मग कदमांनी गुडघ्यांवरचे दोन्ही हात हळूच उचलले.